आजीच्या पत्रिकेतल्या १७ घटी ३५ पळे: पळाच्या आत काय असतं?

निरांजन

नमस्कार मंडळी. माळ्यावरची ट्रंक उपसताना आजीची जन्मपत्रिका हाती लागली. हळदीची बोटं उमटलेला, गुंडाळी केलेला लांबलचक कागद, बोरूची अक्षरं. त्यात "शके १८६९, चैत्र वद्य" यानंतर "श्रीसूर्योदयात् गतघटी १७ पळे ३५" असं लिहिलंय. गाव सातारा.

घरात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं बोलणं चालू आहे, म्हणून आतेभाऊ ही पत्रिका एका दुकानात घेऊन गेला आणि संगणकावर नवीन काढून आणली. तिथल्या मुलाने १७ आणि ३५ हे आकडे सरळ घड्याळाच्या वेळेच्या रकान्यात भरले. म्हणजे संध्याकाळचे पाच पस्तीस! लग्नरास बदलली, सगळंच बदललं. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, मी संध्याकाळची कशी असेन? माझी आई सांगायची, पुरुषांची पंगत उठली, बायका पानं मांडत होत्या, तेवढ्यात माझं रडणं ऐकू आलं."

मग मीच कागद-पेन घेऊन बसले. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, एक पळ म्हणजे २४ सेकंद. १७ घटींची ४०८ मिनिटं. ३५ पळांचे ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटं. एकूण ४२२ मिनिटं, म्हणजे ७ तास २ मिनिटं. साताऱ्याला एप्रिलच्या मध्याला सूर्योदय सहा वीसच्या सुमारास होतो. म्हणजे जन्म दुपारी एक बावीसचा. बायकांच्या पंगतीची वेळ अगदी बरोबर जुळली.

हे गणित कुणी तपासून द्याल का? आणि आजीने एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही: "घटकेच्या आत पळं, मग पळाच्या आत काय असतं गं? आणि हेच वर वर नेलं की पूजेच्या संकल्पातल्या त्या कल्पाला जाऊन पोचतं का?"

दर्भपात्र

निरांजनताई, गणित बरोबर आहे. आमच्या वडिलांनी शिकवलेला ताळा सांगतो: घटींची दुप्पट करायची आणि पाचांनी भागायचं, तास मिळतात. १७ घटी ३५ पळांची दुप्पट ३५ घटी १० पळे, भागिले ५, आले ७ तास २ मिनिटं. पळांची मिनिटंही याच रीतीने येतात.

जुन्या पत्रिका घड्याळ धरून लिहीत नसत याचं कारण साधं आहे. घड्याळ गावात एखाद्या वाड्यात असे, सूर्य मात्र सगळ्यांच्या अंगणात उगवतो. आणखी एक फायदा असा की घड्याळाच्या वेळा बदलल्या तरी गतघटी बदलत नाहीत. मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू होती. त्या काळातल्या मुंबईच्या पत्रिकेत नुसते "सकाळी ९" असे लिहिलेले असले, तर कोणते ९ हा प्रश्न उभा राहतो. तुमच्या आजींच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. त्या दिवशीचा साताऱ्याचा सूर्योदय प्रमाणवेळेत घ्या, उत्तर प्रमाणवेळेतच येईल.

दुकानातल्या मुलाला दोष देत नाही, पण रकाना भरण्याआधी "गतघटी" हा शब्द वाचायला हवा होता. आकड्यापेक्षा त्याच्या आधीचा शब्द महत्त्वाचा.

घटिका मोजायची कशी, तेही सांगून ठेवतो. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. घंगाळात स्वच्छ पाणी भरून ती वर अलगद सोडायची. पाणी खालून आत चढतं, वाटी जड होत जाते आणि २४ मिनिटांनी एकदम बुडते. बुडताना "डुबुक" असा आवाज होतो, त्यावर कान ठेवून माणूस बसलेला असे. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात हेच पात्र सांगितलंय: अहोरात्रात साठ वेळा बुडेल ते खरं. माझ्या लहानपणी कोकणातल्या लग्नात मी घटिकापात्राजवळ बसलोय. वाटीला हळदकुंकू लावून तिची पूजा व्हायची, मग ती पाण्यात जायची. "घटका भरली" असं आपण म्हणतो ते अक्षरशः पाण्याने भरायची. आणि "तास" म्हणजे मुळात काशाची थाळी, जिच्यावर टोला द्यायचे. वेळेला ते नाव नंतर चिकटलं.

वजाबाकी

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. काळाच्या एककांचं रूपांतर करताना मुलं एका एककावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात आणि मध्येच कुठेतरी पडतात. मी त्यांना एकच सवय लावायचे. मध्ये दिवस ठेवा. प्रत्येक एककाला विचारा, "एका अहोरात्रात तू किती?" दोघांची उत्तरं मिळाली की भागाकार करा, संपलं.

आजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर जुन्या ज्योतिषग्रंथांतलं. दहा गुर्वक्षरं म्हणजे एक प्राण. सहा प्राण म्हणजे एक पळ. साठ पळं म्हणजे घटिका, साठ घटिका म्हणजे अहोरात्र. अहोरात्रात प्राण किती? ६ × ६० × ६०, म्हणजे २१,६००. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून प्राण ४ सेकंदांचा. निवांत बसलेल्या निरोगी माणसाचा एक श्वास-उच्छ्वास. आता वर्तुळाच्या कला मोजा: ३६० अंश, प्रत्येकी ६० कला, पुन्हा २१,६००. म्हणजे आपण एक श्वास घेऊन सोडतो तेवढ्यात आकाश एक कला सरकतं. ज्याने हे एकक ठरवलं त्याने दिवस आणि आकाश एकाच मापाने कापले. हे वर्गात सांगताना दर वर्षी माझा आवाज जरा चढायचा.

आता गुर्वक्षर. एक दीर्घ अक्षर उच्चारायला लागणारा वेळ, म्हणजे प्राणाचा दहावा भाग, ०.४ सेकंद. पळाचा साठावा भागही तोच. त्यालाच विपळ म्हणतात. म्हणजे आजींना सांगा, पळाच्या आत साठ दीर्घ अक्षरं असतात.

आणि इथे मला एक गंमत सापडलीय, ती नीट वाचा. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. "स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदम्" ही ओळ घ्या. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी गुरू. १९ अक्षरं, त्यातली ११ गुरू आणि ८ लघू. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक: २२ आणि ८ मिळून ३० मात्रा. म्हणजे १५ गुर्वक्षरांचा वेळ, ६ सेकंद. चार ओळींच्या १२० मात्रा, ६० गुर्वक्षरं. बरोबर एक पळ!

मंगलाष्टकाचं एक कडवं, ना तान घेता ना लांबवता, सरळ म्हटलं तर २४ सेकंदांत संपायला हवं. लग्नघटिका मोजणारी वाटी एका बाजूला आणि पळ मोजणारा श्लोक दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच मांडवात.

ओवीबद्ध

बाई, वाचून अंगावर काटा आला. लगेच करून पाहिलं. फोनवर घड्याळ लावून स्वस्ति श्रीगणनायकं सरळ म्हटलं. पहिल्यांदा १९ सेकंद, घाई झाली. दुसऱ्यांदा प्रत्येक गुरूवर नीट थांबत म्हटलं, २३ सेकंद. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या चित्रफितीत मात्र मामांनी एकच कडवं दीड मिनिट लावून धरलंय.

आणि दुपार म्हणजे दोन प्रहर, हे या निमित्ताने पहिल्यांदा लक्षात आलं. प्रहर तीन तासांचा ना? सहाला उजाडलं तर दोन प्रहर म्हणजे बारा.

दर्भपात्र

हो, अहोरात्रात आठ प्रहर, प्रत्येकी साडेसात घटिका.

बाईंनी सांगितलेलं मात्रांचं गणित मी मंगलाष्टकं इतकी वर्षं म्हणूनही कधी केलं नव्हतं. आज संध्येनंतर तीन वेळा म्हणून पाहिलं. आमच्या वडिलांची जी चाल होती, विनातानेची, तिला २५ सेकंद लागतात.

सह्यकडा

चर्चा छान चाललीय. पण पळ आणि विपळ म्हणजे फार मोठी मापं झाली. आपल्याकडे त्रुटी आहे! सेकंदाचा ३३,७५० वा भाग. आपले पूर्वज मायक्रोसेकंद मोजत होते आणि ही गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

वजाबाकी

सह्यकडा, आकडा तुम्ही बरोबर दिलात, तो भास्कराचार्यांचा आहे. सिद्धांतशिरोमणीतली शिडी अशी: पापणी लवण्याचा निमिष, त्याचा तिसावा भाग तत्पर, तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. वर जायचं तर १८ निमिषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांची घटिका, दोन घटिकांचा क्षण, ३० क्षणांचा दिवस. गुणत गेलात की अहोरात्रात ९,७२,००० निमिष आणि २९१ कोटी ६० लाख त्रुटी. ८६,४०० ने भागा, सेकंदाला ३३,७५०.

पण भागवताच्या तिसऱ्या स्कंधात वेगळी शिडी आहे. तिथे १०० त्रुटींचा वेध, तीन वेधांचा लव, तीन लवांचा निमिष, तीन निमिषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, १५ काष्ठांचा लघू, १५ लघूंची नाडिका. दिवसाच्या साठ नाडिका धरून गुणा: अहोरात्रात १८ कोटी २२ लाख ५० हजार त्रुटी. भास्कराचार्यांच्या आकड्याला याने भागलं तर उत्तर येतं बरोबर १६. म्हणजे भागवताची एक त्रुटी भास्कराचार्यांच्या १६ त्रुटींएवढी.

निमिषाचंही तसंच. मनुस्मृतीत ३० कलांचा मुहूर्त आहे, घटिका नाही, त्यामुळे अहोरात्रात ४,८६,००० निमिष होतात आणि निमिष ०.१८ सेकंदाच्या आसपास येतो. भास्कराचार्यांचा त्याच्या निम्मा, ०.०९. भागवताचा ०.४३.

सगळ्यात मोठी तफावत "क्षण" या शब्दात आहे. भागवताचा क्षण १.२८ सेकंदांचा, भास्कराचार्यांचा ४८ मिनिटांचा. २,२५० पट. म्हणून "एक क्षण म्हणजे किती सेकंद" असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारते, "कुणाचा?" आकाशवाणीसारखे ठाम आकडे असलेले तक्ते फिरतात, त्यात वरची ओळ एका ग्रंथातली आणि खालची दुसऱ्यातली असते. तिथेच हिशोब फसतो.

आणि मोजण्याबद्दल. मोजायला पाण्याची वाटी, शंकूची सावली आणि श्लोक होता. त्रुटी मोजायची नव्हती, गणितात वापरायची होती. ग्रहाची गती काढताना अपूर्णांक उरतो, तो टाकून न देता शेवटपर्यंत नावानिशी सांभाळायचा म्हणून लहान एककं. मला यात मोजण्यापेक्षाही मोठी गोष्ट दिसते. ज्याला हात लावता येत नाही अशा वेळेचाही हिशोब त्यांनी सोडला नाही.

सह्यकडा

पटलं बाई. १६ पट तफावत मला माहीत नव्हती. वहीत दोन्ही शिड्या शेजारी शेजारी लिहून घेतल्या.

रेडिओलहर

मी स्पंदकांवर, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरी धाडणाऱ्या फिरत्या ताऱ्यांवर (पल्सर), अभ्यास करतो, त्यामुळे लहान काळ हे माझं रोजचं काम आहे. नारायणगावजवळ खोडदला जी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिनेही स्पंदक पाहिले जातात. १९८२ साली सापडलेला एक स्पंदक स्वतःभोवती एक फेरी १.५६ मिलिसेकंदांत मारतो. सूर्याहून जड असलेला गोळा सेकंदाला ६४० हून जास्त वेळा फिरतोय. बाईंच्या हिशोबात भागवताच्या तीन-सव्वातीन त्रुटींत एक फेरी. आम्ही रोज मोजतो ते आकडे असे मराठीत मांडून पाहिले आणि फार बरं वाटलं.

आजचा सेकंद सूर्यावर ठरत नाही. १९६७ पासून सिझियम-१३३ च्या अणूतल्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. आणि खाली उतरायचं तर अॅटोसेकंद, सेकंदाचे एकावर अठरा शून्यं इतके भाग केले की त्यातला एक. अणूतले इलेक्ट्रॉन त्या मापात हलतात. तेवढे लहान प्रकाशझोत तयार केल्याबद्दल २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउस आणि अॅन ल्हुइलिए यांना मिळालं. असं म्हणतात की विश्वाच्या जन्मापासून जितके सेकंद झाले तितके अॅटोसेकंद एका सेकंदात असतात.

वजाबाकी

रेडिओलहर, शेवटचं वाक्य एकदा भागून पाहा बरं. एकावर अठरा शून्यं इतके सेकंद म्हणजे किती वर्षं?

रेडिओलहर

भागलं. वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख ६० हजार. उत्तर ३,१७० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. म्हणजे विश्वाच्या वयाच्या सेकंदांहून एका सेकंदातले अॅटोसेकंद दुपटीपेक्षा जास्त आहेत. मी ऐकलेलं वाक्य तपासलंच नव्हतं. दुरुस्ती मान्य.

पण तुमच्यामुळे भास्कराचार्यांच्या लीलावतीतली दशमान नावं काढून पाहिली आणि बसल्या जागी उभा राहिलो. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. शेवटचं परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. विश्वाचं वय सेकंदांत सुमारे ४.३५ परार्ध! आणि एका सेकंदात अॅटोसेकंद बरोबर दहा परार्ध. भास्कराचार्य ज्या नावाशी थांबले त्याच नावाने विश्वाचं वय आणि अॅटोसेकंद दोन्ही मोजून सांगता येतात.

दर्भपात्र

फक्त एक सांभाळा. संकल्पात "ब्रह्मणो द्वितीये परार्धे" म्हणतो तो परार्ध संख्येचं नाव नाही. तो ब्रह्मदेवाच्या शंभर वर्षांचा उत्तरार्ध, दुसरी पन्नास वर्षं. शब्द एक, अर्थ दोन.

हडसनकाठ

परदेशात राहून मुलीला मराठीत गणित शिकवते, तिथे माझी अडचण नेहमी इथेच येते. तिची पुस्तकं मिलियन-बिलियनमध्ये, माझं डोकं लाख-कोटीत. मी एक छोटी ओळख करून ठेवलीय. लाख सेकंद म्हणजे २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद, आज सकाळपासून उद्या दुपारपर्यंत. कोटी सेकंद म्हणजे ११५ दिवस, एक पावसाळा. अब्ज सेकंद म्हणजे ३१ वर्षं ८ महिने. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी, एवढं एक पक्कं केलं की बाकीचं जुळतं. मुलीला "तुझा अब्जावा सेकंद कधी" हे काढायला लावलं, ती आता घरातल्या सगळ्यांचे काढत सुटलीय.

कातळवाट

मी रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवतो. मुलांना सड्यावर घेऊन गेलो की जांभ्याखालचा काळा कातळ दाखवतो आणि सांगतो, हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला. मुलं मान डोलावतात. पण त्यांच्यासाठी ६ कोटी काय आणि ६० कोटी काय, सारखंच. आकडा मोठा झाला की तो दिसेनासा होतो. लहान आकड्यांचंही तेच होतं. याच्यावर तुमच्याकडे काही उपाय आहे का?

गुरुजी, कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हे जवळजवळ जुळतं, ते कसं?

वजाबाकी

आधी दुसरा प्रश्न. ते जुळणं योगायोगाचं आहे, त्यावर इमारत बांधू नका. कल्प हा खगोलगणितासाठी निवडलेला काळ. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य दोघांनीही कल्पाचे दिवस १५,७७,९१,६४,५०,००० धरलेत, म्हणजे इतक्या दिवसांत प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात बसतात, अपूर्णांक उरत नाही. पृथ्वी कधी जन्मली हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पण याच आकड्याला ४३२ कोटींनी भागा. वर्ष येतं ३६५ दिवस १५ घटी ३० पळे २२½ विपळे. आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षापेक्षा, फक्त तीन मिनिटांनी जास्त. केवढा प्रचंड काळ, आणि त्याच्या पोटात शिल्लक राहिलेली ही अर्धी विपळ! रूपांतर करायचं ते यासाठी.

आता पहिला प्रश्न. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, रात्र वेगळी. तो बारा तासांचा धरा, ४३,२०० सेकंद. ४३२ कोटी वर्षांना ४३,२०० ने भागा. उत्तर १ लाख. काहीही न उरता.

म्हणजे ब्रह्मदेवाचा एक सेकंद आपल्या एक लाख वर्षांचा. कलियुगाची ४,३२,००० वर्षं म्हणजे ४.३२ सेकंद, एक श्वास आणि थोडं वर. चार युगांचं मिळून महायुग ४३.२ सेकंदांचं. पळ २४ लाख वर्षांचं.

कातळवाट

मग माझा कातळ! ६ कोटी ६० लाख भागिले १ लाख, ६६० सेकंद, ११ मिनिटं. पळांत सांगायचं तर साडेसत्तावीस पळं. अर्धी घटकाही नाही. लोणारचं विवर, जे आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचं निघालंय, ते पावणेसहा सेकंदांपूर्वीचं.

उद्या फळ्यावर हेच लिहिणार. "सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला त्याला साडेसत्तावीस मंगलाष्टकं झाली." माझ्या मुलांनी लग्नं पाहिलीत, त्यांना हे कळेल.

दर्भपात्र

बाई, तुमची लाखाची किल्ली घेऊन मी संकल्प उघडला. आम्ही रोज म्हणतो: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं महायुग, कलियुगाचा पहिला चरण. हा पत्ताच आहे, फक्त जागेऐवजी काळाचा. तो आकड्यांत लिहू.

सहा मन्वंतरं गेली, प्रत्येक ७१ महायुगांचं: १८४ कोटी ३ लाख २० हजार. मन्वंतरांच्या सांध्याला कृतयुगाएवढा संधिकाल, असे सात: १ कोटी २० लाख ९६ हजार. सातव्या मन्वंतराची २७ महायुगं: ११ कोटी ६६ लाख ४० हजार. कृत, त्रेता, द्वापर: ३८ लाख ८८ हजार. बेरीज १९७ कोटी २९ लाख ४४ हजार. शकारंभापर्यंत कलीची गेलेली वर्षं भास्कराचार्य "नंदाद्रींदुगुणाः" अशी देतात. नंद ९, अद्री ७, इंदू १, गुण ३. उलट वाचायचं, ३,१७९. त्यात शके १९४७ मिळवले की कल्पाची गेलेली वर्षं १,९७,२९,४९,१२६.

भागिले १ लाख: १९,७२९ सेकंद. सूर्योदयापासून ५ तास २८ मिनिटं ४९ सेकंद. घटी-पळांत काढलं तर १३ घटी ४२ पळे.

म्हणजे निरांजनताई, तुमच्या आजींच्या पत्रिकेसारखीच या जगाची पत्रिका लिहायची तर "श्रीसूर्योदयात् गतघटी १३ पळे ४२". दुसरा प्रहर संपत आलाय. अजून दुपार व्हायचीय.

निरांजन

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण सगळे प्रतिसाद आजीला सावकाश वाचून दाखवत होते. गुरुजी, तुमची शेवटची ओळ तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे अजून पानं मांडायची आहेत."

तिने स्वतःचं वय काढायला सांगितलं. ८० वर्षं धरली. लाखाने भागिलं, ०.०००८ सेकंद. सह्यकडांचा ३३,७५० हा आकडा वापरला, तर ब्रह्मदेवाच्या दिवसात ८० वर्षं म्हणजे भास्कराचार्यांच्या बरोबर २७ त्रुटी. मी दोनदा गुणून पाहिलं. "सत्तावीस नक्षत्रं तशा सत्तावीस त्रुटी," असं म्हणून ती खूश झाली.

सहस्रचंद्रदर्शनाचंही गणित बाईंच्या रीतीने, मध्ये दिवस ठेवून केलं. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत २९.५३०६ दिवस. आजीचा जन्म चैत्र वद्यातला, म्हणून तिची पहिली पौर्णिमा वैशाखाची, ५ मे १९४७. हजारावी त्यानंतर ९९९ चांद्रमासांनी, २९,५०१ दिवसांनी. १० फेब्रुवारी २०२८, माघ पौर्णिमा, शके १९४९. संगणकातल्या पत्रिकेवरची वेळ खोडून आतेभावाने तिथे दुपारी एक बावीस लिहून घेतलंय.

आणि काल आजीने कोठीतून तांब्याची वाटी काढायला लावली. तिच्या सासूबाईंची, बुडाला भोक असलेली. इतकी वर्षं आम्ही ती फुटकी समजत होतो. चिंचेने घासली, घंगाळात पाणी घेतलं, वाटी सोडली. आजी पाटावर बसून होती, फोनचं घड्याळ माझ्या हातात. पाण्याचा बारीक थेंब आधी आत उमटला, मग मण्याएवढा झाला, मग तळ झाकला गेला. कड पाण्याला टेकली आणि डुबुक! २१ मिनिटं ४० सेकंद.

दर्भपात्र

घासून घासून भोक मोठं झालंय. थोडं मेण मऊ करून आतल्या बाजूने भोकाच्या कडेला लावा आणि सुईने पुन्हा टोचा. पाणीही गाळून घ्या, कचरा अडकला तर उलट चूक होते.

निरांजन

मेण लावलं. आज दुसऱ्यांदा २३ मिनिटं ३५ सेकंद. अजून एक पळ कमी पडतंय. आजी म्हणते, उद्या सकाळी सूर्योदयाला सोडू.